छावणीतलं रंगाचं पिस्तूल

माझ्याकडं एके काळी पिस्तूल होतं असं सांगितलं की लोक आधी माझ्या चपलांकडं बघतात, मग तोंडाकडं. पण होतं! चांगलं तीन दिवस होतं. आणि त्या तीन दिवसांत मी जी माती खाल्ली, ती आजतागायत पचलेली नाही. चहा घ्या, सांगतो.

ऐंशीच्या पुढचे दुष्काळाचे दिवस. बेंबळीजवळच्या माळावर एका दूध सोसायटीनं गुरांची छावणी काढलेली. ओळीनं खुंट्या ठोकलेल्या, ओळीनं जनावरं बांधलेली, वर ऊन असं की कावळासुद्धा उडायच्या आधी विचार करायचा. मी गुरांच्या दवाखान्यात परिचर. म्हणजे डॉक्टरसाहेब टोचणार, आणि मी जनावर धरणार, पाय बांधणार, लाथ आली तर ती पण मीच खाणार.

आमच्या घरात सरकारी पगार आणणारा मी पहिलाच. त्यामुळं चालताना जरा छाती पुढं असायची. जरा म्हणजे किती? दारातून आधी छाती जायची, मागून मी.

तर एक दिवस डॉक्टरसाहेबांनी पेटीतून ते काढलं. दुष्काळ बघायला कुणी परदेशी पाहुणा आला होता, त्यानं जाताना भेट दिलेलं. दिसायला अस्सल पिस्तूल! पण आत शिशाची गोळी नाही, रंगाची. बोराएवढी गोल, पातळ कवचाची, आत लाल रंग. मुठीत गॅसची बारकी नळी बसवायची, खटका मागं ओढायचा, घोडा दाबायचा. फाट्! गोळी जनावराच्या पुठ्ठ्यावर फुटते आणि लाल डाग पडतो. त्यांच्याकडं म्हणे मैलमैल कुरणं असतात, तिथं लांबून जनावरावर खूण करायला हे वापरतात.

"घटसर्पाची लस टोचली की लाल डाग," साहेब म्हणाले. "म्हणजे एकाच जनावराला दोनदा टोचणं नाही आणि कुणी सुटणं नाही. जी लाथाळ आहेत, जवळ येऊ देत नाहीत, तेवढ्यांसाठीच हे. बाकीच्यांना ब्रश आहे. जमेल का तुला, बबन?"

"जमतंय की साहेब!"

"आधी चालवलंयस कधी?"

"तसं... बघितलंय."

कुठं बघितलं होतं? जत्रेत! फुगे फोडायच्या दुकानात. आणि तिथंही मी नुसता उभा होतो.

साहेबांनी सगळं समजावलं. रोज संध्याकाळी पिस्तुलाच्या नळीतून फडकं ओढायचं, आत रंग वाळू द्यायचा नाही. सायकलीच्या तेलाचे दोन थेंब घालायचे, तिसरा नाही. माणसाकडं रोखायचं नाही. वर म्हणाले, "सगळ्यात साधं मॉडेल आहे हे, नवशिक्यांसाठीचं. घाबरू नको." मला रागच आला. नवशिक्या कोण? मी?

पहिला दिवस काय गेला म्हणता! वीस पावलांवरून एका मारक्या म्हशीच्या पुठ्ठ्यावर नेम धरला आणि बरोबर मधोमध लाल ठिपका. पोरंसोरं, म्हातारेकोतारे टाळ्या वाजवायला लागले. मग कसली लाथाळ आणि कसली गरीब? मी सगळ्यांनाच लांबून मारायला लागलो. जनावर धरायचं काम मालकांवर टाकलं. मी आपला पिस्तूल कमरेला खोचून हिंडतोय!

ओळीच्या टोकाला कोंडाबाई नावाची म्हातारी तिच्या पांढऱ्या गाईपाशी बसलेली असायची. ती म्हणाली, "आरं लेकरा, जनावर खुट्याला बांधलंय. बोटानं लाव की रंग! लांब कशाला जातूस?"

"आज्जी, हे शास्त्र हाय," मी म्हणालो.

संध्याकाळी मी फडकं ओढलं, दोन थेंब तेल घातलं, पिस्तूल असं चकचकीत केलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी तापलं. दुपारी रंगाच्या गोळ्यांचा डबा उघडतो, तर गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या. शेजारी रसूलचाचा उभे. चाचा छावणीचे मुकादम, चारा वाटायचं काम त्यांच्याकडं. डब्यात एक इंग्रजी कागद होता. चाचा म्हणाले, "पढ की बाबा. मॅट्रिक झालायस ना तू?"

झालो होतो. इंग्रजीत काठावर झालो होतो, पण ते सांगायची ही वेळ होती का? कागद लांब धरला, भुवया उंचावल्या. एका ओळीत मला दोन शब्द लागले. कूल आणि ड्राय. कूल तर सोपाच, एसटी स्टँडवर कूल ड्रिंकची पाटी होती. कूल म्हणजे थंड. आणि ड्राय? ड्राय डे ऐकला होता. त्या दिवशी दारूची दुकानं बंद. म्हणजे ड्राय म्हणजे काय? बंद! सरळ आहे.

"चाचा, लिव्हलंय की गोळ्या थंड आन् बंद ठिवा."

"वा! क्या बात है," चाचा म्हणाले. "इंग्रज लोक लई बारीक इचार करतात."

आता तुम्ही हसताय. हसा! अख्खा जिल्हा कोरडा पडलेला, विहिरी कोरड्या, नद्या कोरड्या, आणि मला नेमका तोच एक शब्द येत नव्हता.

मग मी काय केलं? रिकामा माठ आणला. तळाला ओलं गोणपाट घातलं, त्यावर गोळ्या पसरल्या, वरून आणखी एक ओलं गोणपाट. झाकण लावलं आणि दोरीनं करकचून बांधलं. थंड आणि बंद! रात्री इतकी शांत झोप लागली की बास.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडतो, तर गोळ्या चांगल्या टम्म फुगलेल्या. मला वाटलं, वा, तब्येत सुधारली! पिस्तुलात सरकंनात, तेव्हा अंगठ्यानं दाबून बसवल्या.

साहेबांनी अर्धी ओळ टोचली आणि लस संपली म्हणून पेटी भरून आणायला लांब झाडाखाली लावलेल्या जीपकडं गेले. टोचलेल्यांना डाग द्यायला मी मागं राहिलो. नेम धरला, घोडा दाबला. फाट्ऐवजी 'फुस्स्' असा आवाज आला आणि नळीतून पिचकारी उडाली! गोळी आतच फुटलेली. टोचलेल्या बैलावर चार थेंब, आणि शेजारच्या न टोचलेल्या पाच-सहा जनावरांवर शिंतोडे.

"बबन, रुक जा. साहेबाला येऊ दे," चाचा म्हणाले.

थांबतो तो मी कसला? परत मारलं. परत पिचकारी. ह्या खेपेला कोंडाबाईच्या पांढऱ्या गाईवर. म्हातारी कडाडली, "आरं माझ्या गाईला काय रंगपंचमी खेळाय आणलीय व्हय रं?"

तिसऱ्यांदा घोडा दाबला तर काहीच नाही. गोळी घट्ट अडकलेली. शे-दीडशे माणसं बघताहेत, आणि माझं हत्यार मुकं! मी खटका ओढायला गेलो, तो चिकटलेला. मग सगळा जोर लावायचा म्हणून पिस्तूल पोटाशी घेतलं, नळी छातीला टेकवली आणि दोन्ही हातांनी ओढलं.

फाट्!

आई गं! छातीवर कुणी घण घालावा तसा दणका बसला. मी उताणा. हात लावला तर ओलं. हात वर करून बघितला तर लालभडक.

आता मला सांगा, आत रंग आहे हे त्या माळावर सगळ्यात चांगलं कुणाला माहीत होतं? मलाच ना? भरला कुणी होता? मीच! पण त्या घटकेला मला रंगबिंग काही आठवलं नाही. मला वाटलं, झालं. संपला बबन.

"गोळी लागली! बबन्याला गोळी लागली!" कुणीतरी बोंबललं. बाया किंचाळल्या, जनावरं बिथरली. दहा-बारा खुंट्या उपटून निघाल्या आणि सगळी ओळ एकमेकांत मिसळली. एकजण तर सायकल घेऊन गावाकडं पळाला, आमच्या घरी सांगायला.

रसूलचाचांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. "बोल बेटा, बोल. काय होतंय?"

मरताना माणसानं खोटं बोलू नये असं मला वाटलं. मी डोळे मिटून म्हणालो, "चाचा, आईला सांगा... म्या डागदर न्हाय. तिला म्या सांगितलंय, डागदर हाय म्हून. म्या नुसता पाय बांधतो."

चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगतो, बेटा."

"आन् मला इंग्रजी येत न्हाय."

"चुप, चुप. आता ते राहू दे."

तेवढ्यात साहेब धावत आले. वाकले, माझ्या छातीला बोट लावलं, नाकाशी नेलं. मग माझा शर्ट वर केला. खाली पेरूएवढा निळा डाग, बाकी कातडी शाबूत.

"ऊठ," साहेब म्हणाले.

"साहेब, मला हलवू नका..."

"बबन, ऊठ! लस उन्हात तापतीय."

उठलो. दुसरं काय करणार? लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. रडावं की हसावं कुणालाच ठरवता येईना. खरी पंचाईत पुढंच होती. जनावरं मिसळलेली, आज टोचलेल्यांवर डाग नाही आणि न टोचलेल्यांवर लाल शिंतोडे. कुणाला टोचलंय आणि कुणाला नाही? साहेबांनी कपाळाला हात लावला.

आम्हाला वाचवलं ते कोंडाबाईनं. काठी टेकत ती कळपात शिरली आणि एकेका जनावराच्या पाठीवर थाप मारत सांगत गेली. "ह्ये झालंय. ह्ये झालंय. ह्या खोंडाचं न्हाय झालं, ह्याच्या मालकानं तवा पाणी पाजाय न्हेलं हुतं." एकाही ठिकाणी अडखळली नाही. दुपारपर्यंत राहिलेली सगळी टोचून झाली. साहेबांनी पिस्तूल रॉकेलनं धुऊन पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं.

आणि मग आई आली.

अनवाणी, डोक्यावरचा पदर कुठं, चेहरा धुळीनं माखलेला. गावापासून पळतच आलेली. मी उभा दिसलो तशी जागच्या जागी थांबली. जवळ आली, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, छाती चाचपली, पाठ चाचपली. मग माझ्या दंडाला घट्ट धरून उभी राहिली. मला तिथं खऱ्याखुऱ्या गोळीनं मेलेलं परवडलं असतं.

रसूलचाचा दिलेला शब्द पाळणारे माणूस. त्यांनी घसा खाकरला. "भाभी, पोरानं मरताना एक निरोप दिला हुता. त्यो डागदर न्हाय म्हणे."

आईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"त्ये मला पयल्या पगारापास्नं म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर लेकरा, डागदर न्हाईस तर नस. आपुन जित्ता हाय का मेलाय, येवढं तरी वळखाय शीक!"