नरहरीची डहाळी

नरहरीला भिडस्त म्हणायचं की भाबडा, याचा निकाल वाडीत अजून लागलेला नाही. माणूस पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटक, बोलायला तुटक. कासार आंबोलीच्या एका बंगल्यावर बागकाम करून तो संध्याकाळच्या एसटीनं वरच्या वाडीला घरी यायचा. बंगल्याच्या हिरवळीला दिवसभर फवारे चालायचे, ते बघून त्याचा जीव वरखाली व्हायचा. पण मालकाला पाण्यावरून बोलायची काही त्याची छाती झाली नाही.

त्याच्या वाडीचं पाण्याचं तंत्रच वेगळं. मुळशीचं धरण डोळ्यांसमोर पसरलेलं, पण त्याचं पाणी वाडीच्या वाट्याला कधी आलं नाही. वाडी जगली ती मागच्या राईतल्या झऱ्यावर. होळी झाली आणि झऱ्याची धार बारीक झाली, की नरहरीच्या घरातल्या कर्त्या पुरुषानं राईच्या तोंडाशी जांभळाची डहाळी आडवी बांधायची. एकदा ती बांधली की वर उगमाकडं कुणी फिरकायचं नाही, बांधणाऱ्यानंसुद्धा नाही. खाली दगडी डोणीत येईल तेवढंच पाणी भरायचं. वाडीतली हाडवैरं असलेली माणसंही त्या डहाळीपाशी मुकाट मागं फिरत. नरहरीनं आयुष्यात मिरवावं असं दुसरं काही केलं नव्हतं. पण डहाळी बांधून तो राईतून खाली यायचा, तेव्हा त्याची मान जरा ताठ असायची.

मग पुण्याच्या गाड्या राईपर्यंत यायला लागल्या. डोणीत पाय धुणं, बाटल्या फोडणं, वेफर्सच्या पिशव्या वाऱ्यावर सोडणं, सगळं रीतसर सुरू झालं. कुणाला काही बोलावं तर ते फोन वर करून बोलणाऱ्याचंच शूटिंग घेत. वाडी हात चोळत बसली होती, अशा वेळी साधना आली.

साधना पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करायची. पोरगी मनापासून बोलणारी, जेवायला बसली तर आपलं ताट आपण घासणारी. तिची संस्था एक ॲप बनवत होती. राईला यायचं तर त्यात आधी नाव नोंदवायचं, ठरल्यापेक्षा जास्त माणसं आली की ॲप नाही म्हणणार, आपला कचरा आपण परत न्यायचा, जेवायचं ते वाडीतल्या घरी. आणि राईतल्या ज्या जागी माणसाचा पाय पडू नये, तिथं नकाशावर लाल ठिपका. लाल ठिपका म्हणजे इथं जायचं नाही.

नरहरीला ते एका झटक्यात कळलं. “म्हंजी मोबाइलातली डहाळीच की,” तो म्हणाला. साधनाला तो शब्द इतका आवडला की तिनं ॲपचं नावच ‘डहाळी’ ठेवलं. त्या दिवशी नरहरी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

त्याची बायको साळूबाई तेवढी खूश नव्हती. साधना गेल्यावर चूल सारवता सारवता ती म्हणाली, “डहाळी बघून आपून मागं फिरतो, कारन आपल्याला तेच पानी प्यायचं असतंय. त्यांना हितलं काय प्यायचंय?”

नरहरीनं तिला वेड्यात काढलं. शिकलेली माणसं आहेत, लिहिलेलं वाचतात, असं त्याचं म्हणणं. ज्या खुणेपुढं पिढ्यान्‌पिढ्या वाडी झुकली, त्या खुणेपुढं जग का झुकणार नाही, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

साधनाचा फोन हातात धरून तो राईत हिंडला. जिथं जपायचं तिथं थांबून बोट दाबायचं, एवढंच काम. धनेश पक्ष्याच्या ढोलीचं झाड दाखवलं. आमरी फुलते ती फांदी दाखवली. झऱ्याचा उगम दाखवताना तर त्यानं आधी हात जोडले. त्याच्याही वर, कातळाखाली, आणखी एक पाणी होतं. बाकी सगळं आटलं तरी वाडीला पुरेल असं. बापानं एकट्या नरहरीला नेऊन ते दाखवलं होतं, पुढं तूही एकालाच दाखव म्हणून. तिकडं चढायच्या आतच फोनची बॅटरी संपली. राहिलेलं पुढच्या वेळी करू, असं म्हणून तो खाली उतरला.

सुरुवातीला सगळं छान चाललं, खोटं कशाला बोला. गाड्या कमी झाल्या, कचरा घटला, साळूबाईच्या नाचणीच्या भाकरीचं नाव झालं. नरहरी बंगल्यावरच्या इतर माळ्यांना फोनवर ठिपके दाखवायचा.

मग कुणीतरी त्या नकाशाचा फोटो काढून पसरवला. वर लिहिलं, मुळशीतल्या गुप्त जागा. झालं. जिथं जाऊ नका म्हणतायत तिथंच काहीतरी बघण्यासारखं असणार, एवढी अक्कल शहराला असतेच. ज्यांनी ॲपचं तोंडही पाहिलं नव्हतं ते लोक तो फोटो घेऊन राईत घुसले. साधनानं कळताच ठिपके पुसले, पण घरोघर गेलेला फोटो ती कुठून पुसणार?

होळीनंतर नरहरीनं नेहमीसारखी डहाळी बांधली. पुढच्याच रविवारी वरून हसण्याचे आवाज आले. डहाळी बांधल्यावर जायचं नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं. तरी तो गेला. उगमाचे दगड उचकटून कडेला रचले होते, मध्ये डबकं केलं होतं आणि त्यात पाच-सहा जण मजेत बसले होते.

“हितं यायचं न्हाई,” तो म्हणाला. “खाली डहाळी बांधलीया.”

त्यातला एक मुलगा उठून आला. उर्मट नव्हता, उलट फार अदबीनं त्यानं फोन पुढं केला. “काका, आम्ही बरोबरच आलोय. हा बघा ना लाल ठिपका.”

नरहरीनं ठिपका बघितला. तो त्याच्याच बोटाचा होता. पिढ्यांची राखण आपण एका बोटानं उधळली, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

ते लोक गेले, दुसरे आले. उगमाची कड ढासळली, झऱ्याचं तोंड गाळानं बुजलं. वाडीनं जमून गाळ उपसला, दगड जागच्या जागी बसवले, पण धार परत फुटली नाही. धनेश आले नाहीत. डोणीला शेवाळ होतं तेही वाळून गेलं. वाडीत नरहरीला कुणी वावगं बोललं नाही. तो दिसला की लोक विषय बदलायचे, आणि ते त्याला शिव्यांहून जास्त लागायचं.

साधना आली आणि ओट्यावर बसून रडली. नरहरीनंच तिची समजूत काढली. जाताना ती म्हणाली, की आता ठिपके कुणालाच दिसणार नाहीत, फक्त संस्थेकडं राहतील, अजून काही जपण्यासारखं असेल तर काका सांगा. तिच्या डोळ्यांत खोट नव्हती. खोट तर कुणाच्याच डोळ्यांत नव्हती.

“काय उरलं न्हाई,” नरहरी म्हणाला.

हल्ली वाडीला टँकर येतो, आला तर. परवा साळूबाई भर उन्हात डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत होती आणि नरहरी समोरून खाली येत होता. तिनं वाटेतच हंडा उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि कातळाकडं बघत राहिली.

“मामंजी म्हनायचे, वर आजून एक पानी हाय,” ती म्हणाली. “खरं का वो?”

नरहरीनं कातळाकडं पाठ केली. हिला सांगितलं की ती जावेला सांगणार, जाऊ पोराला, पोराच्या खिशात फोन. बापानं सांगितलेलं एक माणूस आता त्याला जगात कुठं दिसत नव्हतं, घरातसुद्धा नाही.

“म्हातारा काय बी बोलायचा,” तो म्हणाला, आणि तिचा हंडा उचलून खांद्यावर घेतला.