बंडोपंत अबकडे यांचा मोडलेला साखरपुडा

आमच्या घरात साखरपुडा एकाच मुलीचा झाला, पण पाहुण्यांच्या मते नवरदेव दोन होते. यातला दुसरा मी निर्माण केला.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. (आईचं म्हणणं, "यात शिकायचं काय? तुझी आत्या जन्मभर तेच करतेय!") बारा वर्षांच्या या अनुभवामुळे धाकट्या बहिणीचा, श्वेताचा, साखरपुडा ऑफिसच्या पद्धतीने व्हावा, असं मला वाटलं. इतर कुणालाच वाटलं नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या फ्रिजवर मी तीन रकाने आखले: करायचंय, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी. रोज सकाळी आठ वाजता सगळ्यांनी उभं राहून सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. ऑफिसात याला स्टँडअप म्हणतात.

"मी साडेपाचपासून उभीच आहे," आई म्हणाली. "माझं झालं."

"मी बसूनच सांगतो," बाबा म्हणाले. "अडचण एकच. चहा आलेला नाही."

शिवाय फ्रिजच्या कोपऱ्यात एक चौकट होती: 'माहीत असलेले दोष'. काही चुका सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्या दुरुस्त करण्यापेक्षा चालवून घेणं सोपं असतं, त्यांची ही जागा. तिथे मी 'बाबा मोठ्याने पेपर वाचतात' अशी चिठ्ठी लावली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पेपर मात्र मोठ्यानेच वाचला.

साखरपुडा रविवारचा. शुक्रवारी सकाळी मी सगळ्या निमंत्रितांना बाबांच्या नंबरवरून आपोआप आठवण पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. आता साधा माणूस 'रविवारी अकरा वाजता या' एवढंच पाठवून मोकळा झाला असता. पण मी टेस्टर! सगळं नीट झालं तर काय होतं, यात आम्हाला रस नसतो. कार्यक्रम रद्द झाला तर तो निरोप नीट जाईल का, हे मला बघायचं होतं.

निरोप लिहिला. पण 'रद्द' या शब्दाशेजारी होणाऱ्या जावयाचं, निनादचं, नाव टाकायला हात धजेना. उगाच अशुभ कशाला? म्हणून ऑफिसात सरावासाठी नेहमी वापरते ते खोटं नाव टाकलं. आणि कारणाच्या चौकटीत लांबलचक मजकूर मावतो का, तेही पाहून घेतलं. निरोप असा झाला:

'कळविण्यास खेद होतो की चि. सौ. कां. श्वेता व चि. बंडोपंत अबकडे यांचा रविवारचा साखरपुडा रद्द झाला आहे. कारण: मुलगा सुट्टीच्या दिवशी साडेदहापर्यंत लोळत पडतो व उठल्यावर प्रथम नाश्त्याला काय असे विचारतो, असे चौकशीअंती समजले.'

सरावाच्या यादीत दोनच नंबर होते, माझा आणि श्वेताचा. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, '१४३ निरोप गेले.'

मी सराव सोडून खरी यादी निवडली होती!

पहिला फोन आत्याचा. "दादा, हे अबकडे कोण? साताऱ्याकडचे का? आणि त्या निनादचं काय केलंत?"

"कुठे काय केलंय?" बाबा गोंधळले.

मग फोन थांबेचना. एका काकांनी "बरं झालं, वेळेत समजलं" म्हणून अभिनंदन केलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी उत्तर पाठवलं, 'कळले. हॉलची चावी कोणत्या नवरदेवासाठी ठेवावी?'

श्वेता पांढरीफटक पडली. "ताई, निनादच्या आईंचा नंबर आहे यादीत?"

होता. सत्त्याऐंशीवा. बाबांनीच घातला होता, विहीणबाईंना वेळ कळायला नको का म्हणून. आता त्यांना एवढंच कळलं असणार, की आपल्या होणाऱ्या सुनेचं आणखी कुणाशीतरी ठरलं होतं, तेही त्याच रविवारी! श्वेता निनादला फोन लावत होती, तो उचलत नव्हता. ती रडायला लागली आणि मला पहिल्यांदाच स्वतःची खरी भीती वाटली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. निनादची आई. बाबांनी स्पीकर लावला.

"एक विचारायचं होतं," पलीकडून अगदी पडलेला आवाज आला. "स्पष्ट सांगा हं."

"विचारा ना," बाबा कसेबसे म्हणाले.

"अहो, आमचा निनादसुद्धा सुट्टीच्या दिवशी साडेदहापर्यंत लोळतो. आत्ताही झोपलाय, आज रजा आहे त्याची. नाश्त्याचंही तसंच. आम्ही आधीच सांगायला हवं होतं. आता आमचंही रद्द करणार का?"

मी फोन ओढून घेतला आणि सगळं एका दमात कबूल केलं.

"म्हणजे बंडोपंत नाहीतच?"

"नाहीत."

"हुश्श! इकडे ह्यांना त्याची इतकी दया येत होती!"

श्वेता रडता रडता हसायला लागली. मी फ्रिजला टेकून जमिनीवरच बसले. आईने माझ्या हातात चहा दिला. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायलेली नाही.

'साखरपुडा ठरल्याप्रमाणेच, निनादशीच' असा निरोप मी पुन्हा सगळ्यांना पाठवला आणि रविवारी सगळेच्या सगळे आले. निनाद वेळेवर उठला होता. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि जेवताना आत्याने मला बाजूला घेतलं. "त्या अबकड्यांच्या मुलाचं जमलं का गं कुठे? माझ्या नणंदेची मुलगी आहे. तिलाही उशिरा उठायची सवय आहे."

घरी आलो तर बाबा आधीच पोचून फ्रिजसमोर उभे होते. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी 'झालं' खाली नेऊन लावल्या होत्या. 'माहीत असलेले दोष'मधली पेपरची चिठ्ठी गायब होती. तिच्या जागी नवी होती, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात फक्त माझं नाव.

"बाबा, निदान 'करायचंय'मध्ये तरी टाका," मी म्हणाले. "दुरुस्ती होईल माझी."

बाबा खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. "बारा वर्षं वाट पाहिली," ते म्हणाले, आणि मोठ्याने वाचू लागले.