आठ बोटं

“श्... आधी ऐका.”

गाडीचा फोटो काढायला कुणी फोन वर केला की काका स्वतःच्या ओठांवर बोट ठेवत आणि इंजिन सुरू करत.

नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावात ते आमचे शेजारी. मूळचे पुण्याचे, ॲमस्टरडॅमच्या झुइडास या बँकांच्या भागात एका बँकेत आयटीत. गाडी साठच्या दशकातली अमेरिकन मस्टँग, आठ सिलिंडरची. झांडवोर्टच्या सर्किटवर शर्यतीत धावलेली. दारावरचा तेवीस नंबर तेव्हाचाच, हाताने रंगवलेला. ती पळवणाऱ्या डच गृहस्थांनी काकांना एका अटीवर विकली होती: नंबर पुसायचा नाही. काका त्यांना ‘मेनेर’, म्हणजे साहेब, एवढंच म्हणत.

रविवारी काका बॉनेट उघडून कान लावून उभे असत.

“माझं कधी इतकं कान देऊन ऐकलंत?” काकू विचारत.

“तुझं ऐकायला कान द्यावा लागत नाही.”

कोरोना आला तेव्हा मेनेर वृद्धाश्रमात होते. भेटी बंद झाल्या. घरची माणसं खिडकीबाहेरून हात हलवत. मेनेरना तीही ओळखू येईनाशी झाली होती. मुलीला ते नर्स समजत. काकांनी गाडी खिडकीखाली न्यायची परवानगी काढली.

“मला नाही ओळखलं तरी चालेल, पत्रकार,” ते म्हणाले. माझा जुना पेशा ते विसरू देत नसत. “हिला ओळखलं पाहिजे.”

मी सायकलवरून मागोमाग गेलो. इंजिन सुरू झालं. काचेमागे व्हीलचेअरवर मेनेर डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी हात काचेला टेकवले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

सात.

काकांचा चेहरा उतरला. घरी येऊन त्यांनी आठही स्पार्क प्लग काढले. एक काळवंडलेला होता; तो सिलिंडर पेटतच नव्हता.

“बंद काचेतून, पत्रकार! मी बॉनेटला कान लावून बसतो, मला नाही कळलं!”

चूक काकांचीच होती. तरी तो काळा प्लग ते आठवडाभर गल्लीत प्रत्येकाला दीड मीटरवरून दाखवत होते.

पुढच्या रविवारी मेनेरनी आठ बोटं दाखवली.

हिवाळ्यात मेनेर गेले. अंत्यविधीला मोजक्यांनाच प्रवेश होता; काका त्यांत नव्हते. ते रस्त्याच्या कडेला गाडी सुरू ठेवून उभे राहिले. सात आणि आठमधला फरक मला आजही ऐकू येत नाही. शववाहिका समोर आली तेव्हा काकांनी मास्क नीट केला आणि दोन्ही हात वर उचलले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची तीन.