वाफकाकूंची क्लॅरिनेट

वाफकाकूंनी संस्थेची क्लॅरिनेट विकून खाल्ली, ही बातमी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जन्मली आणि जिना उतरेपर्यंत त्या पैशांचा फ्रिजसुद्धा काकूंच्या घरात येऊन थंड झाला होता. बातमीची आई म्हणजे काकूंची जाऊ. दाराला दार लागून, त्यामुळे माल नेहमी ताजा.

काकू हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत कामाला. सगळी उमर चादरींत गेली. वाफेत उभं राहून चेहरा सदा उकडल्यासारखा, म्हणून हे नाव. तिथली शिस्त अशी की वस्तू कुठलीही असो, आधी कढत पाण्यातून काढायची, मग पुढचं बोलायचं. काका म्हणायचे, "मी बाहेरून आलो की दारातच घुटमळतो. न जाणो, मलाही भिजत घालायची!"

पन्नाशी उलटल्यावर काकूंना वाजवायचं वेड लागलं. त्याला कारण ती संस्था. देणग्यांवर चालते, एका जुन्या गोदामात. वाद्य उसनं देतात, शिकवतात, फी घेत नाहीत, आणि तुम्ही कोण हेही विचारत नाहीत. निवृत्त न्यायाधीशांच्या शेजारी बसकंडक्टर. न्यायाधीश ताल सोडून पुढे धावले की कंडक्टर म्हणणार, "साहेब, जरा दमानं, स्टॉप मागे राहिला."

"या वयात पिपाणी?" जाऊबाई म्हणाल्या. "दात आहेत तोवर वाजवून घे गं बाई!"

काकूंनी वाजवली. ड्यूटी संपली की चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून, कुणाला त्रास नको म्हणून. आणि वार्षिक कार्यक्रमात एक तुकडा एकटीने वाजवायचा मान त्यांच्याकडे आला. नेमकी तेव्हाच त्यांच्या हातातली क्लॅरिनेटची काळी पेटी दिसेनाशी झाली. विचारलं तर मान खाली. जाऊबाईंना एवढं पुरलं.

पेटी होती कॉटखाली. आतली क्लॅरिनेट मात्र मुकी झाली होती. सांगावं तर संस्था हाकलून देईल ही धास्ती, न सांगावं तर कार्यक्रम हातचा जाणार. शेवटी मनाचा हिय्या करून काकू गेल्या आणि संस्थेच्या दुरुस्तीवाल्या आजोबांपुढे पेटी ठेवली.

"अहो, हिला केलंत तरी काय?"

काकूंनी हळूच सांगितलं. आजोबा इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग काकूंचेही डोळे भरलेले दिसले, तेव्हा म्हणाले, "रडू नका. कपाटात पडलेलं वाद्य कधीच बिघडत नाही. लोक देणगी देतात ती बिघडणाऱ्या वाद्यांसाठीच." आणि भोकांवरच्या सगळ्या इवल्या गाद्या नव्या बसवून दिल्या.

कार्यक्रमाला अख्खी लाँड्री आली होती. काकूंचा पहिला सूर जरा घसरला, दुसऱ्याने सावरून घेतलं, आणि पुढे असं काही वाजलं, की न्यायाधीश आपलं वाद्य मांडीवर विसरून ऐकत राहिले. टाळ्या थांबेनात. माझी तर छाती अशी फुगली, जसं काही मीच शिकवलं होतं. पुढच्या रांगेत जाऊबाई परक्या माणसाला कोपराने ढोसून सांगत होत्या, "माझी जाऊ आहे ती! सख्खी!"

परतताना जिन्यात मी जाऊबाईंना विचारलं, "काय वहिनी, फ्रिजचं काय झालं?"

"लोकांच्या जिभेला हाड असतं का, भाऊजी!" म्हणाल्या आणि तरातरा वर गेल्या.

काकूंनी क्लॅरिनेट विकली नव्हती. चारचौघांत वाजवायची तर स्वच्छ हवी, म्हणून कढत पाण्यात साबण घालून धुतली होती.