शालूबाईच्या अटी

माझ्या आईचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या आईवडलांच्या उशाशी गेलं. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस ‘अरेरे’ म्हणतो. मला ते ‘अरेरे’ आवडत नाही. म्हणून आता सगळंच सांगते.

आम्ही आजऱ्याजवळच्या खेड्यातले. वडील काजूच्या कारखान्यात कामाला होते. १९९५ साली त्यांची कावीळ पोटात उतरली आणि त्यांना कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात ठेवलं. आई त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर पडून असायची. शेजारच्या खाटेवर शिवाजी पेठेतल्या उदयसिंह नावाच्या दूधवाल्याचे चुलते होते. त्यांच्याजवळ कुणी नसलं की आई त्यांनाही उठवून बसवायची, पेज पाजायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बघवायचं नाही, एवढंच.

वडील वाचले नाहीत. पुढं काही दिवसांनी राहिलेले कागद न्यायला आई पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा उदयसिंहांनी तिला थांबवलं.

“बाई, माझी आई लकव्यानं पडलीया. घरात बघायला बायको एकटीच. आमच्यात ऱ्हाऊन करशीला का?”

आईनं मला तिच्या थोरल्या बहिणीकडं, धोंडुमावशीकडं ठेवलं आणि एक पिशवी घेऊन ती कोल्हापूरला गेली. मी तेव्हा पाचवीत होते.

उदयसिंहांच्या आईचं नाव बाळाबाई. नवरा लवकर गेल्यावर या बाईनं म्हशी पाळून, दूध घालून पोरगं वाढवलं, माडीचं घर बांधलं. अंगाची डावी बाजू गेली होती, पण आवाज शाबूत होता. आतल्या खोलीतनं हाक मारली की परड्यातल्या म्हशी कान टवकारायच्या.

पहिल्याच दिवशी बाळाबाईंनी विचारलं, “कुणाची गं तू?”

“आम्ही बौद्ध,” आईनं सांगितलं.

सून स्वप्नाली हिनं आईला चहा दिला तो वेगळ्या पेल्यात, आणि पेला खिडकीत ठेवायला सांगितला. आई बाळाबाईंचं अंग पुसायची, कूस वळवायची, हगणंमुतणं काढायची. पाणी मात्र सुनेनंच पाजायचं.

एके दुपारी स्वप्नाली बाजारात गेली होती. बाळाबाईंना तहान लागली. आईनं तांब्या उचलला.

“ऱ्हाऊ दे. ती येऊ दे,” बाळाबाई म्हणाल्या.

आईनं तांब्या खाली ठेवला आणि स्टूल ओढून ती समोर बसली. “आक्का, सकाळी तुमचं अंग कुणी पुसलं?”

“तू.”

“कूस कुणी वळवली?”

“तूच की.”

“मग माझा हात अंगाला चालतोय आन् पाण्याला चालत न्हाय, ह्ये कसं? चालायचं तर दोन्हीकडं चालू दे. न्हायतर दोन्हीकडं नको. मी पिशवी भरती.”

बाळाबाईंनी तिला वरखाली न्याहाळलं. “तोंड लई चालतंय की तुझं!”

“तुमच्याएवढं न्हाय चालत.”

म्हातारी हसली. अर्धंच तोंड हलत होतं, पण हसली. “आण ते पाणी.”

पाणी पाजून झाल्यावर आईनं खिडकीतला पेला घासला आणि स्वयंपाकघरात जाऊन मांडणीवर बाकीच्या पेल्यांत लावून टाकला. संध्याकाळी स्वप्नालीनं तो बघितला. ती काही बोलायच्या आत आतनं आवाज आला, “आसू दे तितंच!”

एवढं झालं म्हणून काम सोपं झालं असं नाही. आई बाळाबाईंच्या खाटेखाली चटईवर झोपायची, आणि झोपायची म्हणजे हाक येईपर्यंत डोळे मिटायची. दुपारी म्हातारीचा डोळा लागला की स्वप्नाली तांदूळ निवडायला द्यायची, मग भांडी, मग पोरांचे कपडे. पावणं आलं की चहासुद्धा आईनंच ठेवायचा. पेठेतल्या तालमीच्या संघानं फुटबॉलची मॅच जिंकली की रस्त्यावर हलगी वाजायची, गुलाल उडायचा. आई ते सगळं आतल्या खोलीत बसून ऐकायची. त्या घराच्या कोपऱ्यावर कुठलं दुकान आहे हेही तिला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. उचलून उचलून कंबर धरायची, पण पेशंट सांभाळणाऱ्या बाईनं दुखतंय म्हणायचं कुणाला?

घरी यायला तिला चार-चार महिने मिळायचं नाही. आली तरी संध्याकाळच्या एसटीनं परत. अशीच एकदा आली असताना ती माझे केस विंचरत होती आणि मी तिला विचारलं, “तुम्ही परत कधी जाणार?”

आईचा हात थांबला. मी मुद्दाम म्हणाले नव्हते. पावण्यांना विचारावं तसं तोंडातनं निघून गेलं. आईनं वेणी घट्ट घातली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह धारा काढून आले तेव्हा ती त्यांच्यापुढं उभी राहिली. स्वप्नालीलाही तिनं बोलावून घेतलं.

“माझी तीन बोलणी हायत. पंधरा दिवसांतनं दोन दिवस मी गावाला जाणार, माझी पोरगी मला परक्यागत बोलाय लागलीया. दुपारी आक्का झोपल्या की तो येळ माझा. आन् धुणीभांडी मी करणार न्हाय. मी पेशंटची बाई हाय.”

स्वप्नाली काही वाईट नव्हती. दोन पोरं, दुधाचा धंदा, गड्यांच्या भाकऱ्या, सगळं तिच्या एकटीवर होतं. ती रडवेली झाली. “मग दोन दिवस आत्याबाईंचं कोण बघणार? मला उचलत्यात व्हय त्या?”

“तुमी एकट्या कशाला?” आईनं उदयसिंहांकडं बोट केलं. “ह्येंनी उचलायचं.”

“मी? गडीमाणसानं?”

“म्हशीचं बाळंतपण करताय की!”

आतल्या खोलीतनं बाळाबाईंचं मोठ्ठं हसू ऐकू आलं. “शालू, शिकीव त्याला! शिकीव!”

मग आठवडाभर शिकवणी चालली. काखेत हात कसे घालायचे, आपला गुडघा कुठं टेकवायचा, लुळा हात ओढायचा का नाही. पहिल्या दिवशी म्हातारी आणि लेक दोघं खाटेवर आडवी झाली आणि बाळाबाईंनी लेकाला पेठ ऐकेल अशा शिव्या घातल्या. अंग पुसणं, लुगडं बदलणं सुनेनं करायचं, उचलणं-वळवणं लेकानं, असं ठरलं. आणि आई आजऱ्याची एसटी धरून आमच्याकडं आली. त्या रात्री ती माझ्याशेजारी झोपली. मध्येच दचकून उठली आणि “काय पायजे आक्का?” म्हणाली. मग मला बघून पुन्हा पडली.

परत गेली तेव्हा तिला धास्ती होती. दार उघडलं तर बाळाबाई उशीला टेकून बसलेल्या, भांग वाकडा, तोंडाला पावडर फासलेली. उदयसिंह कंबरेला हात लावून उभे.

“शालूताई, मोडली बघा कंबर! ह्ये तुमी रोज करताय?”

“रोज.”

तोवर ते तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. त्याच आठवड्यात त्यांनी आईसाठी लोखंडी खाट आणि गादी आणली. स्वप्नालीनं भांड्याला वेगळी बाई बघितली. आणि दोन दिवसांच्या फेऱ्या सुरू झाल्यावर कधीतरी मी आईला पुन्हा ‘अगं’ म्हणायला लागले.

बाळाबाई २००२ मध्ये गेल्या. इतकी वर्षं पडून होत्या, पण पाठीला एक जखम नव्हती. डॉक्टरांनीही ते बोलून दाखवलं. शेवटची अंघोळ घालायला भावकीतल्या बायका जमल्या. त्यातली एक थोरली म्हणाली, “परक्या बाईनं जरा भायेर व्हावं.”

स्वप्नाली पुढं झाली. “परक्या कोण? आत्याबाईंच्या अंगाला शालूताईंच्याबिगर कुणाचा हात चालत न्हवता. पाणी शालूताईच घालणार.”

आईनंच पाणी घातलं.

ती मला नंतर म्हणाली, “आपल्या कामात एक वंगाळ हाय बघ. माणूस जातंय त्याच दिवशी काम जातंय, आन् झोपायची जागाबी. रडायला आपलं घर नसतंय.” उदयसिंहांनी तिला दुसरं काम मिळेपर्यंत राहा म्हणून सांगितलं, आणि ती राहिली. पण त्यानंतर कुठल्याही घरात पिशवी ठेवायच्या आधी ती उंबऱ्यातच बोलायला लागली. झोपायला खाट. जेवण घरातल्या ताटात. दुपार माझी. सुट्टी ठरलेली. पेशंट गेला तर महिनाभर राहायची मुभा.

एका घरात कर्तापुरुष म्हणाला, “अशा अटी घालणारी बाई आम्ही पहिल्यांदाच बघतोय.”

“मग नीट बघून घ्या,” आई म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. त्या घरी ती कधीच गेली नाही. काम मिळायला तिला त्यानंतर बरेच दिवस लागले, आम्ही मावशीच्या घरी कोरड्यास-भाकरीवर काढले, पण अट सोडली नाही.

हळूहळू दुसऱ्या बायका तिला विचारायला यायला लागल्या. कुणी गारगोटीची, कुणी चंदगडची, बहुतेक विधवा नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या, सगळ्या जातींच्या. सुट्टीच्या दिवशी त्या कळंब्याच्या तलावावर जमायच्या आणि सगळ्यांचे डबे मध्ये ठेवून जेवायच्या. एकीला संडासाच्या बोळात झोपवत होते. आई तिच्याबरोबर त्या घरी गेली, घरच्या मालकिणीला हाताला धरून त्या बोळात घेऊन गेली आणि म्हणाली, “वैनी, हितं जरा आडव्या व्हा.” वैनी आडव्या झाल्या नाहीत, पण त्या बाईचं अंथरूण हॉलमध्ये आलं.

पुढं मी एसटीत कंडक्टर झाले. २००८ च्या सुमारास मला आजरा-कोल्हापूर गाडी होती. एकदा दोन बायका पिशव्या घेऊन चढल्या. एक नवीन होती, पेशंटच्या कामाला निघालेली, चेहरा उतरलेला. दुसरी तिला समजावत होती.

“भ्याचं न्हाय. घरात पाय ठेवायच्या आधी समदं बोलून घ्याचं. शालूबाईनं लावलेली पद्धत हाय ती.”

मी तिकीट फाडता फाडता विचारलं, “कोण शालूबाई?”

ती बाई माझ्याकडं बघून चकितच झाली. “अवो, कोल्हापूरच्या गाडीवर असताय आन् शालूबाई म्हाईत न्हाय? आमच्यातल्या मोठ्या बाई हायत त्या!”

“माझी आई हाय ती,” मी म्हणाले.

तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग खिडकीकडं सरकून शेजारची जागा मोकळी केली आणि मला हाताला धरून बसवलं. गाडी भरलेली होती, पुढच्या स्टॉपची तिकिटं राहिली होती. तरी मी थोडा वेळ बसले.