आतलं माझं, बाहेरचं तिचं

लखनौला महानगर नावाच्या वस्तीत आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहत होतो, तेव्हा घरातली कामं मी करत होतो. आज हे वाक्य सहज लिहिता येतं. नव्वदीच्या त्या वर्षांत ते उच्चारायची माझी छाती नव्हती. नोकरी बायकोची होती. नागपूरला आमच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेली ती पहिली मुलगी. बदली होऊन लखनौ मिळालं, आमची मुलगी तीन वर्षांची, सांभाळायला कुणी नाही. माझी नोकरी एका छापखान्यातली, आज आहे तर उद्या नाही अशी. मग घरी कुणी बसायचं यावर बोलायला काही उरलंच नव्हतं. मी बसलो. बसलो म्हणायचं आपलं; त्या दिवसांत मी दहा मिनिटं एका जागी टेकलेलो मला आठवत नाही.

पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी जिन्यात विचारलं, "भाईसाहब कहाँ काम करते हैं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "इनका अपना काम है."

कसलं काम ते तिने सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

त्या एका वाक्याने आमच्या घराची वाटणी करून टाकली. लोकांना दिसत नाही ते काम माझं, दिसतं ते तिचं. स्वयंपाक, भांडी, मुलीची आंघोळ, वेणी, डबा हे सगळं मी दार लोटून करायचो. कपडे मी मोरीत धुवायचो, पण पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर ती जायची. जिना झाडायची ती, दूधवाल्यासमोर पातेलं धरायची ती, फाटकाशी ठेला थांबला की भाजीची घासाघीस करायची तीच. हे सगळं सकाळी उठून, ऑफिसला जायच्या आधी. मी त्या वेळी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचो, म्हणजे जिन्यातून जाणाऱ्याला दिसावं. अक्षर वाचत नसे. कान गॅसवरच्या दुधाकडे असत.

आणि मला रागही यायचा, हे आज कबूल करतो. एकदा मी केलेली पाटवडी वाटीभर खाली पाठवली, तर बाई वर येऊन बायकोला म्हणाल्या, "वाह भाभीजी, क्या हाथ है आपका!" बायको हसली. मी पडद्यामागे परात घासत उभा, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काम लपवायचंही मला आणि शाबासकीही हवी मलाच. असला हा माझा न्याय.

अशी दोन वर्षं निघाली. मुलगी शाळेत जाऊ लागली. त्या हिवाळ्यात बायकोच्या खात्यातली परीक्षा आली. पास झालं की बढती. दोन पेपर होते, त्यातला दुसरा नियमांचा, जाडजूड पुस्तकाचा. तिला अभ्यासाला हक्काची वेळ एकच, पहाटे पाच ते आठ, आणि ती वेळ जिना, दूध, भाजी आणि गच्ची यांत जायची. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा ती म्हणाली, "अहो, बाकीचं मी बघते. फक्त कपडे तुम्ही वाळत घाला. तेवढा पाऊण तास मिळाला तरी खूप झालं."

"त्या बाईंसमोर तुझ्या साड्या झटकत उभा राहू?" मी म्हणालो.

घरमालकीणबाई रोज सकाळी गच्चीवर सूर्याला पाणी द्यायला यायच्या. धुक्यात सूर्य दिसत नसला तरी यायच्या. मग ऊन पडलं की समोरच्या घरातल्या दोघी त्यांच्याकडे येत, आणि ऊन उतरेपर्यंत तिघींचं विणकाम, मटार सोलणं आणि गप्पा. म्हणजे गच्ची कधी मोकळी नाहीच.

बायकोने बादली उचलली आणि ती गच्चीवर गेली. ते मला झोंबलं, म्हणून मी एक अक्कल लढवली. आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन दोऱ्या बांधल्या आणि कपडे घरातच वाळत घातले. लखनौच्या जानेवारीत घरात कपडे वाळतात असं मानणारा मी एकटाच असेन. तीन दिवस झाले तरी परकर ओलेच. मुलीचा गणवेश मी तव्यावर शेकून काढला. ती नाक मुरडून म्हणाली, "पापा, स्वेटर से बदबू आ रही है. आप छत पर क्यों नहीं जाते?" मी तिलाच ओरडलो. आणि बायको पुन्हा बादली घेऊन वर जाऊ लागली, पुस्तक काखेत धरून.

परीक्षा शनिवारी होती. शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. नियमांच्या पुस्तकाची शेवटची उजळणी त्या दुपारी आणि संध्याकाळी करायची असं तिने ठरवलं होतं. सकाळी ऑफिसला निघाली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, आणि पिळलेल्या कपड्यांची बादली मोरीतच राहिली होती. माझं मन मला खाऊ लागलं. घरभर येरझारा घातल्या. शेवटी अकरा वाजता बादली उचलली आणि गेलो गच्चीवर.

तिघी होत्या. विणकामाच्या सुया थांबल्या. मी पहिली साडी दोरीवर टाकली, ती निम्मी खाली घसरली. घरमालकीणबाई म्हणाल्या, "अरे भाईसाहब, आप? भाभीजी ठीक तो हैं?"

मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नहीं, बीमार हैं."

"दफ़्तर नहीं गईं?"

"गई हैं. जाना पड़ा. बुखार में ही."

बादली रिकामी करून मी खाली आलो आणि मला वाटलं, चला, निभावलं.

बायको दीडला आली, चार घास खाल्ले, पुस्तक उघडलं, आणि दोन वाजता दारावर थाप पडली. तिघी. एकीच्या हातात काढ्याचं भांडं, एकीच्या हातात खिचडी. मी बायकोला घाईघाईने दोन शब्दांत सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. मग ती रजईत शिरली आणि पुस्तक पोटाशी धरलं.

त्या साडेपाचपर्यंत बसल्या. कुणाच्या नणंदेला असाच ताप आला होता, कोण डॉक्टर चांगला, थंडीत डोकं धुऊ नये, सगळं झालं. दोनदा काढा पाजला. मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो, "अब सोने दीजिए." त्या म्हणत, "हाँ हाँ, आप आराम से बैठिए, हम हैं न." रात्री पुन्हा घरमालकीणबाई एकट्या येऊन तास काढून गेल्या. पायांना तेल चोळून दिलं त्यांनी. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाई म्हणत होत्या, "बहुत तकलीफ़ है बेचारी को."

परीक्षेला ती गेली. निकाल लागला तेव्हा थंडी सरली होती. पहिल्या पेपरात उत्तम, दुसऱ्यात नापास. चपला काढताना तिने ते सांगितलं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी पास होशील."

"होईन," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी मी आजारी आहे म्हणून सांगू नका. मी ऑफिसात आहे म्हणून सांगा."

आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. तिने चढवला नाही. ती रात्र मी या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मी कपडे घेऊन वर गेलो. होळी जवळ आली होती, घरमालकीणबाई एकट्याच बटाट्याचे पापड चादरीवर पसरत होत्या. "भाभीजी फिर बीमार?" त्यांनी विचारलं.

"नहीं. दफ़्तर गई हैं." पुढचं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. "घर का काम मैं ही करता हूँ. शुरू से. मेरा और कोई काम नहीं है."

बाईंनी मान वर केली नाही. एक पापड उलटला. "मालूम है भाईसाहब," त्या म्हणाल्या. "दो साल से मालूम है. आपका कुकर तो रोज़ उनके जाने के बाद बोलता है. हम तो यही सोचते थे कि बेचारी सुबह-सुबह कपड़े लेकर क्यों भागती है, आप ही डाल दिया करते."

मी उरलेले कपडे वाळत घातले. संध्याकाळी बायको आली, गच्चीवरून कपडे मीच काढून आणले हे तिने पाहिलं. मी म्हणालो, "बाईंना सगळं सांगितलं आज."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही," मी म्हणालो.

ती परीक्षा बायको दीड वर्षाने पास झाली. तिच्या बरोबरचे तोवर पुढे निघून गेले होते, आणि निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्या एक पायरी मागेच राहिली. बाई काय म्हणाल्या ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.