पाचापैकी एक

स्वतःलाच मार्क द्यायचे कागद मी आयुष्यात इतके भरलेत की आता वीट आलाय. बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. वर्षाअखेरी प्रत्येक विभागानं आपलं मूल्यमापन करायचं, पाचापैकी गुण द्यायचे आणि त्यावरून पुढच्या वर्षाचं नियोजन ठरायचं, अशी तिथली पद्धत. आम्ही सगळीकडे चार देतो. पाच दिले तर शेफारलात म्हणतात, दोन दिले तर वर बोलावून चौकशी करतात. आमच्या लॅबमधला वाफ ओढायचा पंखा कित्येक वर्षं नुसता कण्हतोय, तरी ‘कामाची जागा’ या रकान्यात चारच.

माझं सासर तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावर. सासूबाई आणि आणखी दहा-अकरा जणी मिळून मासळी सुकवून विकतात. त्यांच्या गटाला एका संस्थेनं असाच कागद दिला. गटानं आधी स्वतःला गुण द्यायचे, मग संस्था त्यावरून तीन वर्षांची योजना आखून मदत करणार. बायकांना हवा होता सिमेंटचा ओटा आणि वर पत्रे, बस्स. त्यांचा जवळा वाळूवर सुकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, दाताखाली कचकचतो. आभाळ भरून आलं की या साठीच्या बायका टोपल्या घेऊन धावत सुटतात. सासूबाईंचे गुडघे तर केव्हाच गेलेत.

कागद भरायला अर्थातच मला बसवलं. रविवारी सगळ्या पडवीत जमल्या आणि मी एकेक प्रश्न वाचू लागले.

“विक्री कशी आहे?”

“हाय जराशी. दोन लिव.”

“गटात एकजूट?”

“भांडतो, पण सोडून कुनी जात नाय. दोन.”

“सुकवायची जागा?”

“एक,” सासूबाई म्हणाल्या. बाकीच्यांनीही माना हलवल्या. “एकच लिव.”

मला हसू आलं. आमच्याकडे मासळीनं टोपली ओसंडत असली तरी, किती मिळाली म्हणून विचारा, बाई म्हणणार, “हाय जराशी.” जास्त सांगितलं की नजर लागते. वीस वर्षं या घरात काढलेली मी, मला वाटलं हेही त्यातलंच. शिवाय स्वतःला एक देणाऱ्यांना मदत कोण देणार? त्या उठून गेल्यावर मी सगळीकडे चार लिहिले. आपल्या माणसांची लाज राखली म्हणून जिवाला बरंसुद्धा वाटलं.

दोन महिन्यांनी योजना आली. ती वाचून दाखवायलाही मीच. ‘सुकवण्याची जागा समाधानकारक. तीन वर्षांत काम आवश्यक नाही.’ आम्हाला मिळालं पिशव्यांवर लेबल लावायचं शिक्षण. ओटा शेजारच्या गावातल्या गटाला गेला, कारण त्यांनी त्या रकान्यात एक लिहिला होता. संस्थेला फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, तीन वर्षांनी पुन्हा भरा.

मग सगळ्यांसमोर कबूल करावंच लागलं. एखादी ओरडली असती तर मी सुटले असते, पण कोणीच ओरडलं नाही.

“मी एक सांगितला होता ना तुला?” सासूबाईंनी विचारलं.

“तुम्ही नेहमी कमीच सांगता, म्हणून मला वाटलं...”

“मासली किती गावली ते कमी सांगतो. दुखतं कुठं ते कशाला कमी सांगू?”

एवढं बोलून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जवळा उलटायला वाळूवर गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा कारखान्यात कागद आला तेव्हा मी ‘कामाची जागा’ या रकान्यात एक लिहिला. फार धैर्य वगैरे नव्हतं, चार लिहायचा कंटाळा आला होता. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, हा चुकून पडलाय का?”

“नाही सर. पंखा...”

“अहो, आपल्या विभागाची लाज आपणच नको का राखायला?” साहेब हसले. माणूस तसा वाईट नाही, माझ्या तब्येतीचीही चौकशी केली त्यांनी. मग खिशातलं पेन काढलं आणि अगदी मायेनं माझा एक खोडून तिथं चार लिहिला.